मिस वाश्तीचे डोळे

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही पुढं सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. लाजेची गोष्ट आहे. एका माणसानं बोलायच्या वेळी तोंड मिटून घेतलं, एवढंच तिचं मूळ. पण बी तरी केवढं असतं? चिमटीत मावतं आणि रान धरतं. जमैकाच्या डोंगरात कोफीचा खळगा म्हणून जागा आहे, तिथल्या पायरीवर बसून मी ही ऐकली. ऐकून घ्या. शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे, तेवढं द्या म्हणजे झालं.

त्या वर्षी मे महिन्याचा पाऊस आलाच नाही. ढग यायचे, डोंगराच्या डोक्यावर बसायचे आणि पाहुण्यासारखे पाणीही न पिता निघून जायचे. तिथला डोंगर चुनखडीचा. पडलेलं पाणीही भेगांतून पाताळात जातं, ओढा म्हणून राहत नाही. पत्र्यावरून टाकीत उतरेल तेवढंच आपलं. जूनमध्ये टाक्या वाजायला लागल्या.

एनोस आणि त्याची बायको कोरीन सकाळी गाढवावर चार डबे बांधून खालच्या रस्त्यावरच्या नळाला जायची. उतरताना गाढव पुढं, चढताना एनोस पुढं. गाढव अर्ध्या चढावर थांबायचं आणि मान फिरवून खाली बघायचं. कोरीन म्हणायची, "त्याला समजतंय, तुला नाही समजत. या जागेत आता काही राहिलं नाही."

"तर काय करू? डोंगर उचलून नळाशी नेऊ?"

"मी कुठं काय म्हणाले. गाढव म्हणालं."

यामच्या वेली काठीवरच वाळल्या. कंद पोसेनात. गांजाची रोपं जूनऐवजी जुलैअखेर लावली, ती कमरेवर गेली नाहीत. एरवी त्या खळग्यातला गांजा माणसाच्या डोक्यावर दोन हात जायचा. बारीक पान, लांब पेर, आणि वासाला लिंबाची साल आणि ओली माती. हा वास दुसऱ्या कुठल्या खळग्यात नव्हता, आणि तो मिस वाश्तीमुळं होता.

मिस वाश्ती म्हणजे एनोसची मावशी. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, हिनंच वाढवला. आता तो एक्कावन्नचा आणि ती अठ्ठ्याहत्तरची. नीरफणसाच्या झाडाखाली तिचं दोन खोल्यांचं घर, त्याच्या घराला लागूनच. काटकुळी बाई, डोक्यावर पुरुषी हॅट, पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट. खळग्यातल्या एकोणीस घरांचं बी ती राखायची. तिच्या आधी तिची आई राखायची.

राखायचं म्हणजे कसं, ते सांगतो. खळग्याच्या अगदी तळाला तिचा बियांचा वाफा. झाडं वयात आली की ती पहाटे उठून एकेक झाड चाचपायची. नर झाडाला तिथं मेंढा म्हणतात. मेंढे उपटायचे, सगळ्या शेतांतले, कारण मेंढ्याची पिवळी धूळ मादीच्या फुलावर पडली की फूल दाणे धरतं आणि माल जातो. पण बियांच्या वाफ्यात एकच मेंढा ठेवायचा, आणि तो कोणता हे मिस वाश्ती ठरवायची. देठ चोळून वास घ्यायची. दुपारच्या उन्हात वाफ्याशी बसून बघायची.

"दुपारी मान टाकतो आणि सांजेला उचलतो, तो ठेवायचा," ती एनोसला लहानपणी सांगायची. "दुपारीही ताठ उभा राहतो तो गर्विष्ठ. तो जळून जातो. आणि सांजेलाही मान उचलत नाही तो आळशी."

"आणि मी कुठला, आंटी?"

"तू अजून उगवायचायस."

खळग्याला चहूकडून डोंगर. बाहेरचा वारा आत येतो तो फक्त पूर्वेच्या खिंडीतून. म्हणून तिचा एकच नियम होता: खिंडीत काही लावायचं नाही. याम लावा, केळी लावा, गांजा नाही. चाळीस वर्षं कोणी लावला नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये एनोसच्या भावाचं, लिस्टरचं, टोरांटोहून जुन्या कपड्यांचं खोकं आलं. एका मोज्याच्या टोकात बारा बिया शिवलेल्या होत्या. फोनवर लिस्टर म्हणाला, "सत्तर दिवस. लाव आणि सत्तर दिवसांनी काप. इथं खोलीत दिव्याखाली वाढवतात. झाड गुडघ्याएवढं, पण बोंड बघशील तर मक्याचं कणीस. आणि मेंढा निघतच नाही, सगळ्या माद्या. तशीच केलेली आहेत."

"खोलीत पाऊस कोण पाडतं?"

"माणूस पाडतो. घड्याळ लावून. तिथं सगळं घड्याळावर. दिवससुद्धा."

एनोसला हसू आलं, पण सत्तर दिवस हा शब्द डोक्यात बसला. जुनं बी जानेवारीशिवाय येत नाही. आणि त्या वर्षी ते येईल की नाही याचीच खात्री नव्हती.

पाणी कुठं होतं? खिंडीत. तिथं जुन्या काळची एक सिमेंटची टाकी, तळाला गुडघाभर हिरवं पाणी. सप्टेंबरात एनोसनं टाकीच्या आडोशाला बारा खड्डे केले. खडक इतका तापलेला की कोयत्याचं पातं टेकवलं तर हाताला चटका.

"आंटीला विचारलंस?" कोरीननं विचारलं. डबा तिच्या डोक्यावर होता.

"सगळं आंटीला विचारत बसलो असतो तर अजून दूध पीत असतो."

"तसाही तू ओठ पुसत नाहीस," ती म्हणाली आणि पाणी ओतून निघून गेली.

लिस्टर खोटं बोलला नव्हता. झाडं गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली. रुंद पानं, जाड देठ, आणि महिन्याभरातच पांढऱ्या केसांची बोंडं. ज्या झाडाला तिकडच्या उन्हाळ्यात सोळा-सोळा तासांचा दिवस लागतो, त्याला इथला दिवस आखूड वाटला असावा. थंडी आली असं समजून त्यानं घाईघाईनं फूल धरलं. खाली खळग्यात मिस वाश्तीची झाडंही त्याच सुमारास फुलायला लागली होती. तिचा मेंढा निवडून झाला होता.

ऑक्टोबरचा पाऊसही आला नाही. टाकीतलं पाणी चिखल झालं. दुपारी खिंडीतला दगड भट्टीसारखा व्हायचा आणि संध्याकाळी वारा सुटायचा.

एके सकाळी एनोस डबा घेऊन तिथं गेला. एका बोंडात त्याला काहीतरी पिवळं दिसलं. पांढऱ्या केसांच्या मधून केळ्याच्या घडासारखं, तांदळाएवढं. त्यानं बोट लावलं. बोटावर पिवळी धूळ आली.

त्याला आधी कळेना. मेंढा तर नव्हता, मादी होती. पांढरे केस त्यानं स्वतः बघितले होते. खळग्यातल्या मादीनं आजवर असं कधी केलं नव्हतं. दिव्याखाली, घड्याळाच्या पावसात वाढलेल्या वाणाला हा उन्हाचा तडाखा सोसला नसावा. मरायच्या आधी वंश राखायला ते स्वतःच नर झालं होतं. बाराच्या बारा झाडांवर पिवळं होतं.

वारा त्याच्या पाठीवर होता. म्हणजे खिंडीतून खाली.

तो वळला. खाली खळग्याच्या तळाशी, बियांच्या वाफ्यात, मिस वाश्तीची हॅट हलताना दिसत होती. एवढीशी, बोराएवढी. एका झाडापाशी थांबायची, वाकायची, पुढं जायची. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्या खळग्यात खोकलं तरी पलीकडं ऐकू जातं.

एनोसनं हाक मारली नाही. खाली बसला आणि नखांनी ती पिवळी केळी एकेक खुडायला लागला. खुडून मातीत पुरली. दुसऱ्या सकाळी तेवढीच पुन्हा. बोंडं पिकायला बारा दिवस राहिले होते. बारा दिवस तर काढायचे, तो स्वतःला म्हणाला, आणि बारा दिवस काढले. माणूस स्वतःला सांगतो ते किती गोड आवाजात सांगतो, बघा.

कोरीननं त्याचा सदरा धुताना बाहीवरचा पिवळा डाग पाहिला. बोट फिरवून वास घेतला. मग सदरा पिळून दोरीवर टाकला आणि एवढंच म्हणाली, "ती माझी आंटी नाही. तुझी आहे."

जानेवारीत जुन्या झाडांची काढणी झाली. यामच्या शेतात लावलेल्या गांजाच्या माद्यांत, जिथं मेंढा नव्हता, तिथंही फुलाफुलांत दाणे निघाले. मिस वाश्तीनं एक बोंड तळहातावर चुरगाळलं.

"एक मेंढा माझ्याकडून राहिला म्हणायचा," ती म्हणाली. "कुठं राहिला?"

"एखादा राहतोच, आंटी."

"चाळीस वर्षांत नाही राहिला."

मग काढणी सरल्यावर ख्रिस्ताच्या देवळात पिकाबद्दलच्या आभाराचा रविवार झाला. त्या दिवशी मिस वाश्ती बी वाटायची. काड्यापेट्यांत. प्रत्येक घराची स्वतःची काड्यापेटी. वर्षभर ती घरी जपायची, आभाराच्या रविवारी रिकामी आणून द्यायची आणि भरलेली न्यायची. पैसा नाही, आभार नाही. ती तळहातावर बी घ्यायची, त्यावर एक फुंकर घालायची आणि पेटीत सोडायची. एकोणीस पेट्या. एनोस शेजारी उभा राहून पेट्यांची झाकणं उघडून देत होता. प्रत्येक पेटीला त्याचा हात लागला.

पुढच्या वर्षी पाऊस छान आला. म्हणजे लपवायला दुष्काळही राहिला नाही.

जूनमध्ये मिस वाश्तीनं त्याला रोपांच्या वाफ्याशी बोलावलं. गुडघे मोडून बसली होती, हॅट मागं सरकवलेली. रोपाला तिसरं पान फुटलं होतं.

"एनोस, हे पान बघ. मला याची बोटं रुंद दिसतात. आपल्या पानाची बोटं बारीक, कांद्याच्या पातीसारखी. हे बघ, हे, आणि हेसुद्धा. तुला काय दिसतं?"

त्याला स्वच्छ दिसत होतं. अर्धी रोपं टोरांटोच्या घरातली होती. त्या क्षणी तो बोलला असता तर एकोणीस घरांनी रुंद पानं उपटून टाकली असती आणि बारीक राखली असती. निम्मा हंगाम तरी वाचला असता.

"नेहमीसारखंच आहे, आंटी," तो म्हणाला.

"नीट बघ."

"बघितलं. नेहमीसारखं."

ती पानावर आणखी वाकली. मग तिनं डोळे चोळले. एक चोळला, मिटला, दुसऱ्यानं पाहिलं. मग पहिल्यानं.

"मग माझंच काहीतरी झालं," ती म्हणाली, आणि उठायला त्याच्याकडं हात केला. त्यानं हात दिला. तिचा हात हलका होता, वाळलेल्या शेंगेसारखा.

जुलैत काही झाडांनी गुडघ्यावरच फूल धरलं, काही डोक्यावर गेली, काही मध्येच. एका शेतात तीन उंच्या. आणि ती घट्ट बोंडं सप्टेंबरच्या पावसात आतून कुजली. आपल्या झाडाचं फूल सैल, वारा आरपार जायचा, पाणी टिकायचं नाही. या बोंडात पाणी शिरलं की बाहेर यायचंच नाही. वरून हिरवं दिसायचं आणि फोडलं की आत करडी बुरशी, उंदराच्या कातडीसारखी. हाताला तिचा वास लागला की जेवणातही यायचा.

संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर डॉमिनोचा डाव बसायचा. मास ऑबिन हा तिथला म्हातारा, पलीकडच्या थंड कड्यावर राहणारा, तोंडाचा फटकळ. सोंगटी टेबलावर आपटून म्हणाला, "मिस वाश्तीनं या वर्षी कोबी वाटलाय. मी तर मीठ घालून खाणार आहे."

"डोळे गेले म्हातारीचे," दुसरा म्हणाला.

"डोळे? परवा माझ्या बोकडाला गुड मॉर्निंग म्हणाली. आणि बोकडानं उत्तर दिलं म्हणून ती खुशीत गेली."

सगळे हसले. एनोसची पाळी होती. त्यानं सोंगटी लावली, आणि तोही हसला. ते हसू तोंडातून बाहेर पडताना त्याला आपल्याच कानानं ऐकू आलं. रात्री जेवताना त्यानं खारवलेला मासा ताटाच्या कडेला सारला. कोरीननं ताट उचलून नेलं.

तिथली रीत अशी, की कुणाच्या अंगणात शिरायच्या आधी फाटकाशी उभं राहून हाक द्यायची: "कुत्रं धरा!" कुत्रं असो नसो. ती माणसाला मान देण्याची हाक आहे. मिस वाश्तीचं कुत्रं मरून अकरा वर्षं झाली होती, तरी दिवसातून चारदा तिच्या फाटकाशी ती हाक यायची.

सप्टेंबरात हाका थांबल्या. आणि रिकाम्या काड्यापेट्या यायला लागल्या. आभाराच्या रविवारी हातात द्यायची पेटी लोक तिच्या पायरीवर ठेवून जात होते, हाक न देता. पहिल्या दिवशी दोन होत्या. मग पाच. एनोसनं एकदा त्या गोळा करून लपवायचा विचार केला, पण ती तोवर उठलेली होती. पेट्या मोजत होती, बोट लावून, दोनदोनदा. मोजण्यावरचाही विश्वास उडाला होता.

तिनं देवळात जाणं सोडलं. सुईत दोरा ओवणं सोडलं. फाटलेला झगा फाटलेलाच. कोरीनला म्हणाली, "मागचं सगळं आठवून बघते. कधीपासून दिसेनासं झालं असेल? तीन वर्षं? पाच? एवढी वर्षं मी लोकांना काय निवडून देत होते?"

कोरीन घरी येऊन एनोससमोर उभी राहिली. "आज सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो."

"कधी?"

"रविवारी."

रविवारी तो आधी देवळात गेला, असं वाटून की तिथं थोडा धीर मिळेल. देऊळ चालवणाऱ्या मदर बर्नीस उपदेशाला उभ्या राहिल्या. पांढरा फेटा, हातात घंटी. त्या उपदेश बोलून सुरू करायच्या, आणि बोलता बोलता आवाज कधी गाण्यात गेला ते कळायचं नाही. ढोल हळू वाजायला लागायचा, लोक पाय आपटून ताल धरायचे. देवा, किती गोड गायच्या त्या बाई. ऐकताना हाडं मऊ व्हायची.

त्या दिवशी त्यांनी पेरणीचं गाणं घेतलं, तिथल्या तिथं रचलेलं.

"शेत कुणाचं?" त्या गायच्या.

"तुझं, बाबा, तुझं," लोक म्हणायचे.

"ऊन कुणाचं?"

"तुझं, बाबा, तुझं."

"आणि पेरलं कुणी?"

"मी पेरलं," लोक म्हणायचे, छातीवर हात मारून, "मी पेरलं."

तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत 'मी पेरलं' आलं की एनोसचा हात छातीपर्यंत जायचा आणि तोंड उघडायचं नाही. चौथ्या फेरीला तो बाकावरून उठला, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडला आणि उताराची वाट धरली. मागं ढोल वाजतच होता.

फाटकाशी येऊन त्यानं हाक दिली, "कुत्रं धरा, आंटी." घरच्यांनी ती द्यायची नसते. मिस वाश्तीनं चुलीपासून मान वर केली.

"तू कधीपासून पाहुणा झालास?"

त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. मोजा, बारा बिया, खिंड, टाकी. पिवळी केळी. खालून दिसणारी हॅट. बारा दिवस. जूनमधलं पान.

ती ऐकत होती. चुलीतलं लाकूड तिनं आत सरकवलं. मग म्हणाली, "ते पान. मी रुंद म्हणाले होते."

"रुंदच होतं, आंटी."

"सगळीच?"

"निम्मी. तू दाखवलीस तेवढी सगळी."

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "मला दिसलं होतं, एनोस."

तिनं उठून फळीवरची सुई काढली, दाराच्या उजेडात धरली आणि दोरा ओवला. दुसऱ्या खेपेला गेला. ती ओवलेली सुई तिनं झग्याला टोचून ठेवली. एनोसला तेवढ्यानंच रडू फुटणार होतं, पण त्याची नजर फळीवरच्या तुंब्याकडं गेली. जुना, काळा पडलेला भोपळ्याचा तुंबा. राखेत घालून मागच्या तीन वर्षांचं बी ती त्यात ठेवायची, एखादा हंगाम बुडालाच तर. रस्त्यानं येताना त्याच्या मनाला एवढाच आधार होता: तुंबा आहे.

तुंब्याचं बूच काढलेलं होतं.

"तुंबा, आंटी?"

"कोंबड्यांना घातलं," ती म्हणाली. "माझे डोळे पाच वर्षांपासून गेले असतील तर तेही बी खोटंच असणार, असं वाटलं. खोटं बी लोकांना देण्यापेक्षा कोंबड्यांना बरं. तीन दिवस खात होत्या."

तो खाली बसला. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

"वर अजून गाणं चाललंय का?" तिनं विचारलं.

"चाललंय."

"मग इथं का बसलास? मला सांगून काय होणार? मला आंधळी मी नव्हतं म्हटलं. ज्यांनी म्हटलं त्यांना सांग."

एनोस पुन्हा चढ चढला. देवळाच्या दारात घामानं निथळत उभा राहिला. मदर बर्नीसनी त्याला पाहिलं आणि घंटी खाली ठेवली. ढोल आपोआप थांबला.

"मिस वाश्तीचे डोळे चांगले आहेत," तो म्हणाला. "खिंडीत मी लावलं होतं. बाहेरचं बी. धूळ उडताना बघितली आणि गप्प बसलो."

"किती दिवस?" मदर बर्नीसनी विचारलं.

"बारा."

"आणि मग?"

त्याला वाटलं होतं, बारा म्हटलं की झालं. "मग वर्षभर," तो म्हणाला.

कुणी त्याला शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. लोक आपापल्या हातांकडं बघत बसले. त्या प्रत्येक हातानं एक काड्यापेटी पायरीवर ठेवली होती. मागच्या बाकावरून मास ऑबिन उठला, डोक्यावर टोपी घातली आणि एनोसच्या खांद्याला घासून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या सकाळी एनोस मिस वाश्तीच्या अंगणात लाकडं फोडत होता. ती त्याच्याशी बोलत नव्हती. फाटकाशी काठी वाजली.

"कुत्रं धरा, मिस वाश्ती!"

ती दारात आली. मास ऑबिन उभा होता, धाप लागलेली, नवा सदरा घातलेला.

"कुत्रं मरून अकरा वर्षं झाली, ऑबिन. ये आत."

"माहीत आहे. पण चावरं होतं हो, अजून भीती वाटते." त्यानं खिशातून एक काड्यापेटी काढली, कागद उडालेली, दोऱ्यानं बांधलेली. "ही तुमची. वीस वर्षांपूर्वी नेली होती, परत द्यायची राहिली. म्हटलं, भरलेलीच द्यावी."

मिस वाश्तीनं पेटी उघडून बी हातावर घेतलं. बोटानं फिरवलं. "हे माझं नाही."

"तुमचंच. फक्त वीस वर्षं माझ्या धुक्यात झोपलंय. वर ऊन दोन तास, थंडी बोचरी. उंच वाढणारं सगळं वाऱ्यानं मोडलं, ठेंगणं राहिलं तेच मी धरत गेलो. आता देठ जांभळा येतो. लिंबाचा वास गेला म्हणा, मिरीचा येतो."

"गेला नसेल," ती म्हणाली. "दबला असेल. या तळाच्या उन्हात एखाद्या झाडाला आठवेल. ते एक धरायचं. मग त्याच्या पोरांतलं एक. मेंढा बाकी नीट निवडावा लागेल." तिनं मनाशी हिशेब केला. "सहा-सात वर्षं."

"तुम्ही ऐंशीला टेकलात, मिस वाश्ती."

"मग तू लवकर यायचं होतंस," ती म्हणाली. ऑबिन हसला, आणि मग मान खाली घालून म्हणाला, "बोकडाचं जे बोललो ते..."

"बोकडानं मला सांगितलंय सगळं."

त्यानंतर दरवर्षी जूनमध्ये ती एनोसला वाफ्याशी बसवायची. एकेका रोपापुढं विचारायची, "तुला काय दिसतं?" तो सांगायचा. ती ऐकायची आणि मग स्वतः वाकून बघायची. प्रत्येक रोप. त्याचं म्हणणं बरोबर निघालं तरी वाकायचीच. त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न. पाच वर्षं हा माणूस आपल्या मावशीच्या वाकलेल्या पाठीकडं बघत उभा राहिला. तेवढी शिक्षा पुरेशी होती का, हे देव जाणे. मी मोजणार नाही.

तिसऱ्या वर्षी एका झाडाच्या देठाला लिंबाचा वास आला, एकाच झाडाच्या. चौथ्या वर्षी चार झाडांच्या.

सहाव्या जूनला तिच्या डोळ्यांवर खरंच पांढरं आलं. तालुक्याच्या डॉक्टरनं कापू म्हटलं, ती नको म्हणाली. कोरीननं तिला धरून वाफ्याशी आणलं आणि स्टुलावर बसवलं. सगळ्यात जोमदार रोप अगदी तिच्या पायाशी होतं. हातभर उंच, जाड देठ, काळंभोर हिरवं. त्या वाफ्यात तसं दुसरं नव्हतं.

"तुला काय दिसतं?" तिनं विचारलं.

एनोस गुडघ्यांवर बसला. पान दोन बोटांत धरलं. खळग्यातल्या कुठल्या तरी बांधावर राहिलेल्या, आपोआप उगवलेल्या एखाद्या झाडातून टोरांटोचं रक्त पुन्हा आलं होतं. असं रोप उपटायला कुणाचा हात धजला नसता.

"रुंद आहे, आंटी."

ती वाकली नाही. हॅट सरळ केली.

"मग उपट," ती म्हणाली.

त्यानं उपटलं.

पुढच्या आभाराच्या रविवारी एकोणीस पेट्या भरल्या गेल्या. फुंकर तिनं घातली, झाकणं त्यानं उघडली. मार्चमध्ये ती गेली.

माझं मागणं एवढंच. कधी तळहातावर बी घ्याल, कुठलंही, ज्वारीचं असो नाहीतर मिरचीचं, तेव्हा फुंकर घालताना मिस वाश्तीची आठवण करा. तिला दिसत होतं. आणि तिच्या शेजारी झाकण उघडून उभ्या असलेल्या त्या माणसाचीही करा, जमलं तर.